परदेशी फेलोशिपला अर्ज करताय? खान्देशातल्या पत्रकारांनो, या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पत्रकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एक यादी फिरते. 'पत्रकारांसाठी लाखोंची परदेशी फेलोशिप, लगेच अर्ज करा.' मग दोन-तीन दिवस धावपळ चालते. ओळखपत्राची झेरॉक्स, पुरस्कार घेतानाचे फोटो, आमदारांचं शिफारसपत्र आणि 'मी गेली वीस वर्षे निर्भीडपणे' असं सुरू होणारं एक पान. उत्तर येत नाही. शेवटी ठरतं की हे सगळं दिल्ली-मुंबईच्या इंग्रजीवाल्यांसाठीच असतं.

इंग्रजीची अडचण खरीच आहे. पण आपले बहुतेक अर्ज इंग्रजीपर्यंत पोचायच्या आधीच बाद होतात, कारण ते जिल्हा पत्रकार संघाच्या पुरस्कारासाठी भरावेत तसे भरलेले असतात. पुरस्काराला माणूस बघतात. या संस्था एक बातमी बघतात: ती नेमकी काय आहे, कशी करणार, कुठे छापणार, खर्च किती.

चुकीचं दार

सगळ्यात सोपी चूक आधी. यादीतल्या सगळ्या संस्थांना एकच मजकूर पाठवला जातो, आणि त्यांची कामं मात्र वेगवेगळी असतात. वॉशिंग्टनचं पुलित्झर सेंटर (स्थापना २००६) बातमीच्या खर्चासाठी पैसे देतं. पुलित्झर पारितोषिकाशी त्याचा संबंध नाही, ते पारितोषिक कोलंबिया विद्यापीठाकडून दिलं जातं. अर्थ जर्नालिझम नेटवर्क ही इंटरन्यूज या माध्यमांना मदत करणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये सुरू केलेली शाखा, ती पर्यावरणाच्या बातम्यांसाठी. न्यूयॉर्कची कमिटी टू प्रोटेक्ट जर्नालिस्ट्स (१९८१) आणि पॅरिसची रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स (१९८५) या संकटातल्या पत्रकारासाठी आहेत, त्यांच्याकडे बातमीचं प्रपोजल पाठवून काही होत नाही. लंडनचा रोरी पेक ट्रस्ट फक्त फ्रीलान्सरसाठी. १९९३ मध्ये मॉस्कोत मारल्या गेलेल्या कॅमेरामनच्या नावाने तो उभा राहिला.

ग्लोबल इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझम नेटवर्ककडे आपल्याकडचे लोक फारसे वळत नाहीत, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी. शोधपत्रकारितेचं त्यांचं बरंच साहित्य हिंदीतही आहे आणि अडलं तर विचारायला हेल्प डेस्क आहे. टेक्सास विद्यापीठाच्या नाइट सेंटरचे बरेच ऑनलाइन कोर्सही फुकट असतात. मात्र कोर्सचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावण्यासाठी असतं, असा समज आपल्याकडे आहे. डेटाचा कोर्स केला आणि त्यानंतर कृषी विभागाची एक्सेल शीट एकदाही उघडली नाही, तर त्या प्रमाणपत्राचा उपयोग काय?

जुन्या याद्यांपासूनही सावध राहा. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारने परदेशी मदत गोठवली, त्याचा मोठा फटका इंटरन्यूजसारख्या संस्थांना बसला. ग्रुपवर फिरणाऱ्या यादीतला कार्यक्रम आज चालू आहे का, हे संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवर बघितल्याशिवाय फॉर्मला हात लावू नका.

विषय सांगता, बातमी सांगत नाही

'खान्देशातील केळी उत्पादकांच्या समस्या.' हा विषय झाला. अशा नावाची पुरवणी निघू शकते, परिसंवाद होऊ शकतो, पण यावर कोणी पैसे देणार नाही. आता हेच रावेर-यावलकडे जाऊन बघा. केळीचा हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. त्यात कमी किंवा जास्त तापमानाची भरपाई ठरते ती शेतकऱ्याच्या बागेवरून नव्हे, तर महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवरून. ठरलेल्या दिवसांत पारा ठरलेल्या आकड्याच्या खाली किंवा वर गेला तर भरपाई, नाही तर नाही. मग प्रश्न असा उभा राहतो: ज्या मंडळात बागा करपल्या, तिथल्या केंद्राने काय नोंदवलं? केंद्र नेमकं कुठे बसवलंय, मोकळ्या रानात की इमारतीच्या आडोशाला? शेजारच्या मंडळाला भरपाई मिळाली आणि याला नाही, असं किती वेळा झालं?

ही बातमी झाली. तिला कागद आहेत, नकाशा आहे, आकडे आहेत, आणि चूक कोणाची हे तपासता येईल अशी जागा आहे. अर्जात पहिल्या चार ओळींत हेच यायला हवं. 'बळीराजा हवालदिल' हे शीर्षक त्यात नसलं तरी चालेल.

दुसरा प्रश्न परीक्षक हमखास विचारतो, तो म्हणजे रावेरच्या बाहेरच्या माणसाला याचं काय? इथे आपण गडबडतो आणि 'जगाचा पोशिंदा' वगैरे लिहितो. खरं उत्तर पिकातच आहे. जळगावात लागणारी ग्रँड नैन ही कॅव्हेंडिश गटातली केळी, आणि जगाच्या निर्यात बाजारात चालतो तो हाच गट. या गटाला मारणारा मर रोगाचा टीआर-४ हा प्रकार बिहारमध्ये आढळला आहे, आणि कोलंबियाने २०१९ मध्ये तो आपल्याकडे आल्याचं जाहीर केलं. त्यामुळे रोपं कुठून येतात, रोग आला तर विमा लागू होतो का, हे प्रश्न रावेरचे आणि कोलंबियाचे सारखेच. एवढी दोन वाक्यं पुरतात. उगाच हवामानबदलाचा निबंध जोडू नका.

नंदुरबारच्या बाबतीत उलटी चूक होते. तिथला अर्ज कुपोषणाच्या फोटोंवर उभा असतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरचं उघडं मूल, आईचा चेहरा, गावाचं नाव, सगळं. परीक्षकाला यात माणसाची दैना दिसते आणि पत्रकाराची बेफिकिरीही दिसते. फोटो घेताना आईला काय सांगितलं, कोणत्या भाषेत सांगितलं, तो कुठे छापला जाईल हे तिला कळलं का, असं विचारलं जातं. 'हो म्हणाली' एवढं उत्तर पुरत नाही. वनहक्काचे दावे, ऊसतोडीला गुजरातेत जाणारी कुटुंबं, सरदार सरोवराच्या पुनर्वसनातले राहून गेलेले लोक यांवर काम करताना माहिती देणाऱ्याला नंतर त्रास होणार नाही याची काय तजवीज केली, हे अर्जातच लिहा.

संपादकाचं पत्र

बऱ्याच ग्रँटना 'आम्ही ही बातमी छापू' असं प्रकाशनाचं पत्र लागतं. तालुका प्रतिनिधीची गाडी इथे रुतते. जिल्हा कार्यालय म्हणतं मुख्य कार्यालयाला विचारा, मुख्य कार्यालय फोन उचलत नाही. उपाय एकच, पत्राची मागणी शेवटच्या आठवड्यात करू नका. आणि आपलाच पेपर हवा असा हट्ट नको. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) हे संकेतस्थळ ग्रामीण भागातल्या मजकुरासाठीच आहे आणि त्याचं मराठीही वाचायला मिळतं. काही संस्थांना मराठीत छापलेली बातमी चालते, फक्त सोबत इंग्रजी अनुवाद मागतात. अनुवादाचा खर्च बजेटमध्ये धरा.

अर्जाचं इंग्रजी चॅटबॉटकडून लिहून घेण्याची नवी खोड लागली आहे. भाषा सुधारून घ्या, हरकत नाही. सगळा अर्जच लिहून घेतला तर रावेर आणि रवांडा एकसारखे दिसू लागतात, आणि अशी शंभर प्रपोजलं वाचलेल्या माणसाला ते लगेच कळतं.

'एकूण खर्च: दोन लाख'

असं बजेट लिहू नका. धडगावपर्यंतचा प्रवास, तिथून पुढे जीपचं भाडं, नर्मदाकाठच्या मणिबेलीसारख्या गावाला जायचं तर बोट, पावरी किंवा भिली दुभाष्याची रोजची मजुरी, मुक्काम. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये आणि झेरॉक्सला पानामागे २ रुपये, हेसुद्धा लिहा. रक्कम किरकोळ आहे, पण तुम्ही कागद मागणार आहात हे त्यातून दिसतं. स्वतःच्या कामाचे दिवस धरायला आपण लाजतो, त्याऐवजी कॅमेरा आणि लॅपटॉप घालतो. करायचं असतं नेमकं उलटं: उपकरणांना बहुतेक संस्था कात्री लावतात. वेळापत्रकही हंगाम बघून करा. जुलै-ऑगस्टात सातपुड्यात फिरणार असं लिहिणाऱ्याने तो रस्ता कधी पाहिलेला नसतो.

पैसे घेण्याआधी कायदा

हा भाग ग्रुपवर कधीच कोणी टाकत नाही, आणि चुकला तर सगळ्यात महागात पडतो.

परदेशी योगदान (विनियमन) कायदा, २०१०, म्हणजे एफसीआरए. त्याच्या कलम ३ नुसार नोंदणीकृत वृत्तपत्राचा बातमीदार, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक, मुद्रक किंवा प्रकाशक यांना परदेशी योगदान घेता येत नाही. बातम्या किंवा चालू घडामोडींचे दृकश्राव्य कार्यक्रम करणाऱ्या कंपन्या-संस्था आणि त्यांचे बातमीदारही त्यात येतात. 'मी तर मानधनावरचा स्ट्रिंगर' असं म्हणून सुटका होईल, असं गृहीत धरू नका. उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

कलम ४ मध्ये काही सवलती आहेत. पगार किंवा केलेल्या कामाचा मोबदला, व्यवसायाच्या नेहमीच्या व्यवहारातले पैसे, आणि शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन. त्यामुळे संस्थेशी होणाऱ्या करारात हे पैसे नेमके कशासाठी म्हणून लिहिलेत, याला फार महत्त्व आहे. सही करण्याआधी करार एफसीआरएची प्रकरणं हाताळणाऱ्या चार्टर्ड अकाउंटंटला दाखवा. गावातल्या जीएसटीवाल्या मित्राला विचारून भागवू नका. आणि व्यवहार खरोखर कामाच्या मोबदल्याचा नसेल तर कागदावर तसा दाखवण्याची हुशारी तर अजिबात नको. देशातल्या देशात मिळणाऱ्या फेलोशिपही असतात, पण तिथेही त्या संस्थेकडे पैसा कुठून येतो हे विचारावं.

पैसे अडकण्याची कारणं मात्र साधी असतात. पतसंस्थेचं खातं दिलेलं असतं, किंवा बँकेच्या खेड्यातल्या शाखेला परदेशातून पैसे यायला लागणारा स्विफ्ट कोडच नसतो. बँकेत विचारा, मोठ्या शाखेचा कोड चालतो का. पॅनवरचं नाव, खात्यावरचं नाव आणि बायलाइन (बातमीवर छापलं जाणारं नाव) वेगवेगळी असेल तर आधीच कळवा. अमेरिकेतली संस्था 'डब्ल्यू-८ बेन' नावाचा फॉर्म मागेल. तुम्ही अमेरिकेचे करदाते नाही, हे सांगणारा तो कागद आहे, घाबरण्यासारखं त्यात काही नाही. बँक पैसे कशाचे म्हणून विचारते, तेव्हा करारात आहे तेच सांगा.

मार पडल्यावर संस्था आठवते

२०२३ मध्ये पाचोऱ्यात एका पत्रकाराला रस्त्यावर मारहाण झाली. अशा वेळी सगळे परदेशी संस्थांचे ईमेल शोधू लागतात. त्या संस्था मदत करतात, पण आधी पडताळणी करतात: तुम्ही पत्रकार आहात याचा पुरावा, हल्ल्याचा बातमीशी संबंध, एफआयआर, वैद्यकीय कागद. छापलेल्या बातम्यांची कात्रणं आणि आलेल्या धमक्यांचे तारखेसह स्क्रीनशॉट फोनबाहेर दुसरीकडेही ठेवा, कारण पहिला हिसका फोनलाच बसतो.

राज्याचा २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदाही हाताशी आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा अजामीनपात्र, तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे नाही. मात्र त्यात 'प्रसारमाध्यम व्यक्ती' म्हणजे माध्यमसंस्थेने नियमित किंवा कंत्राटी तत्त्वावर नेमलेला माणूस. आपल्या तालुका प्रतिनिधींपैकी कितीजणांकडे नेमणुकीचं पत्र आहे? पेपर ओळखपत्र देतो, जाहिरातीचं टार्गेट देतो, पत्र मात्र देत नाही. ते मागून घ्या. ग्रँटच्या अर्जालाही तेच उपयोगी पडतं.

शेवटची गोष्ट पटकन. 'तुमची निवड झाली, प्रोसेसिंग फी भरा' असा मेल आला तर तो फसवणुकीचा. वर नाव घेतलेल्यांपैकी कोणीही अर्ज किंवा ग्रँटसाठी पैसे मागत नाही. नकार आला तर एका ओळीत कारण विचारा. सगळे उत्तर देत नाहीत, पण जे देतात त्यांच्याकडे तेच प्रपोजल दुरुस्त करून पुढच्या फेरीत पुन्हा पाठवता येतं.