मिरचीची फुलगळ: बाटली आणायच्या आधी काय बघायचं

मे संपत आला की आमच्या मराठवाड्यातल्या भोकरदन-सिल्लोड पट्ट्यात कुठल्याही कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर एकच वाक्य ऐकू येतं, "मिरचीची फुलं गळतायत, काहीतरी द्या." आणि दुकानदार खरंच काहीतरी देतो. पैसे जातात आणि फुलं गळायची तेवढी गळतातच.

आमची मिरची उन्हाळी. एप्रिल-मेमध्ये मल्चिंगवर, म्हणजे बेडवर अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदात भोक पाडून, रोप लावायचं, ठिबकवर जगवायचं आणि पाऊस लागता लागता हिरवा माल पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात न्यायचा. माल लवकर निघाला तर दर बरा मिळतो. पण त्यासाठी झाडाला फूल येतं ते नेमकं आगीच्या दिवसांत. मळ्यात दिवसभर मी असते, तोड्याच्या बायका माझ्या हाताखाली असतात, त्यामुळे बेडवर सकाळी किती पांढरं पडलंय ते आधी मलाच दिसतं. मी काय बघते आणि कोणत्या क्रमानं बघते, ते लिहिते.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. मिरचीचं झाड आपली सगळी फुलं कधीच धरत नाही. जेवढी पेलतील तेवढी ठेवतं, बाकीची सोडून देतं. लागवडीनंतर महिना-सव्वा महिन्यात पहिल्या दुबेळक्यात, म्हणजे खोडाला पहिल्या दोन फांद्या फुटतात तिथे, जी फुलं येतात, ती गळाली तर मला आनंदच होतो. झाड वीतभर असताना मिरच्या धरून बसलं तर पुढे वाढतच नाही. झाड मांडीएवढं झालंय, फांद्या फुटल्यात, रोज नवं फूल उमलतंय आणि तरी बारीक मिरची दिसत नाही, तेव्हा काळजी करायची.

आता खाली पडलेलं फूल उचला. देठासकट पडलंय का बघा. देठ आधी पिवळा पडून सांध्यातून अलगद सुटला असेल, तर झाडानं ते स्वतः सोडलंय. कारण ऊन, पाणी किंवा खत, यापैकी काहीतरी. फूल काळवंडलेलं, ओलसर, बोटाला चिकटणारं असेल तर बुरशी. पाकळ्यांवर तपकिरी ओरखडे असतील तर फुलकिडे. मग झाडावरची उमललेली दहा-बारा फुलं तोडून पांढऱ्या कागदावर झटका. मोबाईलची काळी काचही चालते. बारीक, लांबुळके, तुरुतुरु पळणारे किडे दिसले तर शंका मिटली. या कामाला पाच मिनिटंही लागत नाहीत. एवढं न करताच लोक दुकानात जातात.

कीड-बुरशी काही दिसत नसेल तर पहिला संशय उन्हावर. दिवसा ३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्री २४-२५ च्या खाली उतरलंच नाही, की मिरचीचे पराग निकामी होऊ लागतात. आमच्याकडे मेमध्ये पारा ४० च्या पुढे असतो, तेव्हा वेगळं काय होणार? पण एक बारकावा बऱ्याच जणांना माहीत नसतो. फटका उमललेल्या फुलापेक्षा कळीला जास्त बसतो. कळी अगदी बारीक असते, उमलायला दोन आठवडे अवकाश असतो, त्याच वेळी आत पराग तयार होत असतो. म्हणजे आज गळणारी फुलं पंधरा दिवसांपूर्वीच्या उन्हाची असू शकतात. मृगाचा पाऊस पडला, हवा गार झाली आणि तरी फूल गळतंय म्हणून लोक घाबरून फवारे मारतात. पुढच्या आठवड्या-दीड आठवड्यात सेटिंग, म्हणजे फुलाची मिरची धरणं, आपोआप सुरू होतं आणि श्रेय शेवटच्या बाटलीला मिळतं.

ऊन आपल्या हातात नाही, पण त्याची धार कमी करता येते. लागवडीच्या आधीच मळ्याच्या कडेनं, निदान पश्चिमेला आणि वाऱ्याच्या बाजूला, मक्याच्या दोन-तीन ओळी दाट पेराव्यात. मका डोक्याएवढा झाला की गरम वारा अडतो, शिवाय बाहेरून येणारे फुलकिडे आणि पांढरी माशी थोडीफार तिथेच अडकतात. मल्चिंगचा कागद अंथरताना चंदेरी बाजू वर, काळी खाली. आणि कागदाला जिथे भोक पाडलंय तिथे रोपाच्या भोवती मूठभर माती टाका. ते भोक दुपारी चुलीच्या तोंडासारखी वाफ सोडतं, आणि ती थेट रोपाच्या बुडाला लागते.

पाण्याबद्दल मात्र जरा बैजवार सांगते, कारण आमच्या भागात निम्म्याहून जास्त फुलगळ मी पाण्याचीच मानते.

मिरचीला पाणी कमी पडलं तर फूल गळतं, जास्त झालं तरी गळतं, आणि सगळ्यात जास्त गळतं ते कमी-जास्त झाल्यावर. विजेचं वेळापत्रक आपल्या मनासारखं नसतं. तीन दिवस लाईट नाही, चौथ्या रात्री आली की माणूस पाच तास ठिबक सोडून झोपतो. तहानलेल्या झाडाला एकदम पोटभर पाणी मिळालं की दोन दिवसांत बेडखाली फुलांचा सडा. थोडं थोडं, रोज किंवा दिवसाआड, पहाटे किंवा संध्याकाळी द्यायचं. दुपारी झाडानं मान टाकली म्हणून घाई करू नका. भर उन्हात पानं लोंबतातच. ऊन उतरल्यावर किंवा सकाळी सातला पानं ताठ असतील तर मुळाशी ओल आहे.

किती पाणी द्यायचं याचा आकडा मी सांगणार नाही, कारण माझी काळी कसदार जमीन आणि शेजारची मुरमाड यांचा हिशोब एक होऊच शकत नाही. त्यापेक्षा कागद उचलून चार-पाच बोटं खालची माती मुठीत घ्या आणि दाबा. गोळा होतो आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकला की फुटतो, हा वाफसा, म्हणजे ओल बरोबर. गोळाच होत नाही, तर झाड उपाशी. हाताला चिकटतो, बोटांचे ठसे उमटतात, तर आज ठिबक बंद. हे बेडच्या सुरुवातीला एकदा आणि लॅटरलच्या, म्हणजे ठिबकच्या नळीच्या, शेवटच्या टोकाला एकदा करा. बऱ्याचदा टोकाकडचे ड्रिपर क्षारानं चोंदलेले असतात आणि फुलगळ फक्त तिथेच असते. अशा वेळी फवारा अख्ख्या एकरावर मारायचा कशाला?

आता खत. मिरचीला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी सर्वसाधारण शिफारस आहे. एकरी धरलं तर ४० किलो नत्र, म्हणजे सगळं युरियातून द्यायचं ठरवलं तरी ८७ किलो, ४५ किलोच्या दोन गोण्यांपेक्षा थोडा कमीच. तोही हंगामभर तुकड्या-तुकड्यानं. शेणखत भरपूर घातलं असेल किंवा डीएपी (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) टाकलं असेल तर त्यातलं नत्र वजा करायचं. प्रत्यक्षात काय होतं? झाड जरा पिवळट दिसलं की युरिया, दुसऱ्याचा प्लॉट हिरवागार दिसला की आणखी युरिया. मग झाड माजतं. पानं मोठी, गर्द हिरवी, लुसलुशीत, कांड्या लांबलेल्या, आणि फूल आलं की गळालं. असं झाड बघून पाहुणे तारीफ करतात, व्यापारी करत नाही. फुलकिड्यांनाही तेच झाड आवडतं. अशा वेळी नत्र पंधरा दिवस पूर्ण थांबवायचं आणि ठिबकमधून ०:५२:३४ सारखं बिननत्राचं खत थोडं थोडं द्यायचं. नव्या फांद्यांची कांडी आखूड येऊ लागली की समजायचं, माज उतरला.

बोरॉन आणि कॅल्शियम कमी असेल तरी फूल टिकत नाही. फुलोऱ्यात २० टक्क्यांचं बोरॉन लिटरला एक ग्रॅम, एकदा फवारलं की पुष्कळ झालं. बोरॉन जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात. कॅल्शियम नायट्रेट ठिबकमधून द्या, पण ०:५२:३४ किंवा मॅग्नेशियम सल्फेटच्या टाकीत ते चुकूनही मिसळू नका. पांढरा साका तयार होतो आणि ड्रिपर बसतात. एक खत आज, दुसरं दोन दिवसांनी. कॅल्शियम नायट्रेटमध्येही नत्र असतं, तेव्हा माजलेल्या झाडाला तेही बेतानंच.

किडीचं बोलायचं तर पानं बघा. पानाच्या कडा वर वळून होडी झाली असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून पान लांबट, उलट्या होडीसारखं झालं असेल तर कोळी, ही डोळ्याला जेमतेम दिसणारी आठ पायांची कीड. दोन्हीला आमच्याकडे कोकडाच म्हणतात, आणि तिथेच घोळ होतो, कारण फुलकिड्यांचं औषध कोळ्यावर चालतंच असं नाही. पायरेथ्रॉईड गटातली औषधं सारखी मारली तर कोळ्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी उलट वाढतो. २०२१-२२ च्या हंगामात तेलंगणा आणि आंध्रातल्या मिरचीचं जे वाटोळं झालं ते काळ्या फुलकिड्यानं. त्याचं शास्त्रीय नाव थ्रिप्स पार्व्हिस्पिनस. तो पानांपेक्षा फुलात जास्त बसतो, म्हणून पानं चांगली दिसतात आणि फुलं मात्र गळत राहतात. म्हणूनच वर म्हटलं, फूल झटकून बघा.

निळे चिकट सापळे लागवडीपासूनच लावा, झाडाच्या शेंड्याच्या जरा वर. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क. संख्या वाढली तर स्पिनोसॅडसारखं मिरचीसाठी लेबलवर असलेलं औषध लेबलवरच्या मात्रेत, आणि पुढच्या वेळी गट बदलून. लेबलवर लिहिलेले तोडणीपूर्वीचे दिवस पाळायचे, हिरवी मिरची लोक कच्ची खातात. फवारणी उन्हं कलल्यावरच. सकाळी फुलं उमलतात, मधमाश्या फिरतात, त्यांना त्यांचं काम करू द्या. आणि एका पंपात कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक, विद्राव्य खत, वर औषध पानाला चिकटवणारं स्टिकर अशी भेळ करून दुपारी बाराला मारली, तर त्या फवाऱ्यानंच फुलं गळतात. दोष हवामानाला.

एवढं सगळं बघून झालं की मग हार्मोन, म्हणजे एनएए (नॅप्थॅलिन ॲसिटिक ॲसिड). बाजारात ते ४.५ टक्क्यांचं, प्लॅनोफिक्स आणि इतर नावांनी मिळतं. ते काम करतं, यात वाद नाही. फूल ज्या सांध्यातून सुटतं तो सांधा ते लवकर सुटू देत नाही. पण मात्रा हवी १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग), म्हणजे १५ लिटरच्या पंपाला सव्वातीन मिलीच्या आसपास. बाटलीच्या झाकणानं मोजायची ही वस्तू नाही. सुई काढलेली सिरिंज घ्या. सफरचंदाच्या बागांत जादा झालेली फळं विरळ करायला हेच एनएए वापरतात, यावरून मात्रा चुकल्यावर काय होईल ते ओळखा. पहिली फवारणी फुलोरा सुरू झाल्यावर, दुसरी तीन-चार आठवड्यांनी. आदल्या दिवशी पाणी दिलेलं असावं. सुकलेल्या झाडावर किंवा ४२ अंशांच्या लाटेत मारून उपयोग नाही. पराग मेलेलं फूल हार्मोननं चार दिवस जास्त लटकेल, पण त्याची मिरची होईलच याची खात्री नाही.

पावसाळा लागला की गणित उलटतं. काळ्या जमिनीत दोन दिवस पाणी तुंबलं की मुळं गुदमरतात, खालची पानं पिवळी पडतात आणि फुलं गळतात. बेड उंच असला तरी सरीतलं पाणी बाहेर काढायला चर लागतो, तो पावसाच्या आधी खणून ठेवा. सततच्या रिमझिमीत फुलं आणि कोवळे शेंडे काळे पडून कुजतात, जवळून बघितलं तर त्यावर उभ्या केसांसारखी बुरशी आणि केसांच्या टोकाला काळे ठिपके दिसतात. तसा शेंडा खुडून मळ्याबाहेर न्या आणि उघडीप मिळताच कॉपर ऑक्सिक्लोराईड १० लिटरला २५ ग्रॅम.

तोडा लांबवू नका, हेही याच यादीतलं. दर पडले म्हणून आठ दिवस माल झाडावर ठेवला तर मिरच्या लाल व्हायला लागतात, झाडाचं सगळं बळ तिकडे जातं आणि वरची नवी फुलं ते टाकून देतं. दर नसला तरी जून मिरची उतरवा. वाळवून घरच्या तिखटाला होते.

पुण्याला माझी भाची गच्चीवर कुंडीत मिरची लावते. तिचा फोन येतो, "आत्या, फुलं येतात, मिरची एकही नाही." कुंडीलाही नियम हेच, फक्त सगळं लवकर घडतं. कुंडी निदान बारा इंची हवी, लहान कुंडीतली माती दुपारपर्यंत कोरडी होते. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या भिंतीपासून ती हलवा, कारण ती भिंत रात्रीही गरम राहते आणि मिरचीला रात्र गारच हवी असते. सकाळचं ऊन मिळून दुपारी सावली येईल अशी जागा बघा. पाणी सकाळी, खालून निथळेपर्यंत, पण बशीत साठू द्यायचं नाही. दर आठवड्याला खत घालायची हौस आवरा. आणि जाळी लावलेल्या बाल्कनीत वारा नाही, माशी नाही, तर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फुलाच्या मागच्या फांदीला बोटानं टिचकी मारा. मिरचीच्या फुलाला स्वतःचेच पराग चालतात, ते फक्त हलायला हवेत. पाकळ्या गळून देठाशी हिरवं टाचणीएवढं टोक दिसलं की ती मिरची धरली. मग त्या फांदीला हात लावू नका.