बाजेची नवार उरली तर फेकू नका

मोंढ्यातून आणलेली नायलॉनची नवार (विणलेली रुंद पट्टी) बाज विणून उरली, की आमच्याकडे लगेच तिला गिऱ्हाईक असतं. कडब्याची पेंढी बांधा, नाहीतर फवारणी पंपाचा तुटलेला पट्टा बदला. सुतळीसारखी ती खांद्यात रुतत नाही, वजन रुंदीवर पसरतं. कापल्यावर टोक मेणबत्तीवर अलगद वितळवा, नाहीतर धागे सुटत जातात. (बोटानं दाबायला जाऊ नका, चांगलाच चटका बसतो.) सुती नवारीला मात्र आग नको, टोक दुमडून शिवा. जोड द्यायला गाठ मारू नका, गाठीपाशी ती कमजोर होते. दोन टोकं एकावर एक ठेवून चौकोन शिवा आणि आत टाक्यांची फुली घाला. मराठवाड्याच्या उन्हात नायलॉनही विरतं. रंग उडून कडक झालेली नवार ओझ्याला वापरायची नाही.