बिबट्या होणाऱ्या पोराची रहस्यकथा लिहायचीये? मग आधी उसात शिरा

किशोरवयीन वाचकांसाठी पॅरानॉर्मल मिस्ट्री, म्हणजे भुताखेतांची रहस्यकथा, लिहायची म्हटलं की बरेच जण पहिल्याच पानावर पौर्णिमा आणतात, पोरगं चंद्राकडे बघून विव्हळतं, अंगावर केस फुटतात, झाला लांडगा तयार. युरोपातल्या जंगलात ते शोभतं. पण तुमचा हिरो जुन्नर तालुक्यातला दहावीतला पोरगा असेल तर त्याच्या घरामागे आठ-दहा फूट उंच ऊस आहे आणि त्या उसात खरोखरचे बिबटे राहतात, पिल्लं घालतात, ऊसतोडीत ती पिल्लं सापडतात आणि वनखात्याची माणसं संध्याकाळी ती परत आईजवळ पोचवतात. एवढं सगळं आयतं असताना लांडगा कशाला पाहिजे? म्हणून हे सगळं बिबट्या धरूनच सांगतो, तुम्ही तरस घ्या नाहीतर मुंजा घ्या, पद्धत तीच.

बिबट्याच का, तर एक म्हणजे वजन जुळतं. पंधरा वर्षांचा पोरगा साधारण पन्नास किलोचा, आणि लहानसर नर बिबट्याही तेवढाच भरतो. वाघ केलात तर दोनशे किलो होतात, मग वरचे दीडशे कुठून आले हे विचारणारा वाचक निघतोच, या वयाची पोरं असले हिशोब फार करतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि हे कादंबरीची पहिली ओळ लिहायच्या आधी करायचं: नियम ठरवा. कधी बदलतो, बदलल्यावर काय शिल्लक राहतं, परत आल्यावर काय उरतं. माझं मत विचाराल तर आठवण उरू देऊ नका पण शरीर मात्र तेच ठेवा. म्हणजे रात्री पायात बाभळीचा काटा मोडला तर सकाळी पोराच्या तळव्यात तोच काटा. वनखात्याने भुलीचं इंजेक्शन मारलं (केटामाइन आणि झायलाझिन वापरतात) तर दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला याची जीभ जड, आणि सरांना वाटतंय पोरगं पिऊन आलंय. आणि पकडलेल्या बिबट्याला शेपटीच्या बुडाशी कातडीखाली एक बारीक चिप बसवतात, ओळख पटावी म्हणून, स्कॅनर फिरवला की नंबर येतो. तुमचा पोरगा एकदा पिंजऱ्यात सापडून सुटलाय असं ठेवलंत तर ती चिप त्याच्या माकडहाडापाशी कायमची बसली. हा एक पुरावा पुस्तकभर पुरतो, कारण तो लपवता येत नाही आणि कुणाला दाखवताही येत नाही.

बदल कधी होतो याला चंद्र नको म्हटलं तर मग काय? शेतीपंपाची थ्री फेज. बऱ्याच गावांत ती एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, रात्रीचा आठवडा आला की बाप बॅटरी आणि काठी घेऊन पाणी भरायला निघतो, पोराला सोबत नेतो, आणि नेमकं तेव्हाच ते होतं. मग वाचक चंद्र न बघता लाइटचं टाइमटेबल बघायला लागतो, आणि भीती गावातल्या माणसाला रोज वाटते तीच राहते, वेगळी तयार करावी लागत नाही. टाइमटेबल मध्येच बदललं की पोराची पंचाईत, हा ट्विस्ट तर फुकटात मिळाला.

दुसरी गोष्ट घरची. आवाज फुटलाय, केस येतायत, भूक आवरत नाही, रात्री झोप नाही, अंगाला वास, एकटं राहावंसं वाटतं... आईबाप म्हणणार वयच आहे ते. या वयात सगळंच खपून जातं म्हणून अशी गोष्ट या वयाच्या पोराचीच चांगली होते. त्यात घर माळकरी ठेवा. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा चालत नाही, आणि याला मटणाच्या दुकानावरून जाताना तोंडाला पाणी सुटतं. दर वेळी रूप बदललं की माळ तुटते, मणी उसाच्या सरीत सांडतात. आजी गुपचूप नवी माळ ओवून देते आणि एवढंच म्हणते, "रात्री कुठं उलथला होतास रे?" आजीला किती माहितीये हे शेवटापर्यंत सांगू नका.

आता रहस्य. नुसता बदलणारा पोरगा म्हणजे रहस्य नव्हे, ती झाली अडचण. रहस्याला गुन्हा लागतो. उसात एक माणूस मेलेला सापडतो, गाव म्हणतं बिबट्याने खाल्लं, आणि पोराला रात्रीचं काही आठवत नाही, सकाळी नखांत रक्त. म्हणजे पहिला संशय त्याचा स्वतःवरच. पुढची पन्नास-साठ पानं त्याने खुनी शोधायचाच नाहीये, आपण खुनी नाही ना एवढंच बघायचंय, आणि यातच खरा ताण आहे, इथे घाई करू नका, बरेच जण इथूनच पळतात आणि लगेच व्हिलन आणतात.

पुरावे मात्र खरे द्या. बिबट्या चालताना नखं आत घेतो, ठशात चार बोटं आणि तळवा उमटतो, नखं सहसा दिसत नाहीत. कुत्र्याच्या किंवा तरसाच्या ठशात नखं दिसतात. तो सहसा गळा किंवा मान धरतो आणि शिकार ओढत आडोशाला नेतो. तुमच्या प्रेताजवळ ओढल्याची खूण नाही, ठशांना नखं आहेत आणि जखमेची कड सरळ आहे, एवढं तिसऱ्या-चौथ्या प्रकरणातच पंचनाम्याच्या गडबडीत सांगून टाका. म्हणजे खरं तर तो कोयत्याचा वार, कुत्री नंतर आली. वाचकाच्या डोळ्यासमोर ठेवायचं पण त्याचं लक्ष दुसरीकडे न्यायचं, म्हणजे त्याच परिच्छेदात आई रडत असू दे किंवा हवालदार चहा मागत असू दे. आणि कारण? वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर सरकारी भरपाई लाखांत मिळते. खुन्याला याच्यापेक्षा मोठं कारण द्यायची गरज नाही.

ठसे ओळखणारं कोण हवं? ऊसतोडीला बीडहून आलेली एखादी पोरगी घ्या, आईबाप कोयत्यावर, हिची शाळा सुटलेली, कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, भावंडं सांभाळते आणि प्रेत सगळ्यात आधी हिच्याच टोळीला सापडलेलं. गावातलं कुणी तिला काही विचारत नाही, म्हणून तिने काय बघितलंय हे कुणालाच माहीत नाही. फक्त तिला बिचारी करू नका, ती चिडकी असू दे, जरा खोटारडी असली तरी चालेल.

आणि आता ज्यासाठी एवढे नियम बसवले ते. वनखात्याने बांधावर कॅमेरा ट्रॅप (समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारा) लावलेला असतो, फोटोवर वेळ पडते, आणि प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात त्यामुळे कोणता बिबट्या हे फोटोवरून कळतं. खून झाला त्या वेळेला तुमचा पोरगा भलत्याच शिवारात कॅमेऱ्यासमोरून गेलाय. म्हणजे तो निर्दोष आहे याचा पुरावा सरकारी कॉम्प्युटरमध्ये पडलाय, पण तो वापरायचा तर फोटोतला बिबट्या मीच हे सांगावं लागणार. तिकडे चुकीच्या बिबट्याला धरायला पिंजरे लागलेत, आत शेळी बांधलीये, नरभक्षक म्हणून गोळी घालायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांकडे मागितलीये. आता पोराला निवड करावी लागते आणि कुठलीही निवड केली तरी काहीतरी जातं. भुताचा भाग आणि गुन्ह्याचा भाग असे एकमेकांत अडकले पाहिजेत, एक काढला तर दुसरा कोसळला पाहिजे. पॅरानॉर्मल काढूनही तुमचा खुनी सापडत असेल तर सरळ साधी डिटेक्टिव्ह कथा लिहा, उगाच बिबट्याला त्रास नको.

काळ कसा धरायचा हे सोपं आहे. दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेच्याच दिवशी सह्याद्रीतल्या आदिवासी वाड्यांवर वाघबारस असते, वाघोबाला नैवेद्य दाखवतात, तिथे सुरुवात करा. त्याच सुमारास ऊसतोड सुरू होते. मग दर प्रकरणात ऊस कमी कमी होत जातो, लपायला जागा उरत नाही, टोळी गावाकडे परतायची वेळ येते आणि दहावीची परीक्षाही तेव्हाच. घड्याळ वेगळं लावायला नको, उसाचा फड तोडत आणा बस.

भाषेचं थोडक्यात सांगतो. पोरं बोलतात तसं लिहा, 'रूपांतरण', 'अतींद्रिय' असले शब्द पोराच्या तोंडी घालू नका, तो "काल परत झालं" एवढंच म्हणेल. बदलाचं वर्णन एकदाच सविस्तर करा, आणि तेही वासाने आणि आवाजाने सुरू करा, म्हणजे आधी ओल्या पाचटाचा (उसाच्या वाळल्या पाल्याचा) वास वाढतो, मग दोन शेतं पलीकडची मोटर कानात घुमते, मग हात. बिबट्याचा आवाज डरकाळी लिहू नका, लाकडावर करवत चालवल्यासारखा खरखर आवाज असतो तो. नंतरच्या वेळी एका ओळीत उरका.

पहिला खर्डा झाला की ओळखीतल्या एखाद्या चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाला द्या, मोठ्यांना नको, मोठे कौतुक करतात. आवडलं का हे विचारू नका, खुनी कोण वाटतो ते दर प्रकरणानंतर कागदावर लिहून ठेवायला सांगा. अर्ध्याच्या आत बरोबर नाव आलं तर पंचनाम्याच्या प्रकरणात गडबड वाढवा, आणि शेवटपर्यंत आलंच नाही तर नखांचे ठसे अजून एकदा दाखवा, यावेळी पोरीच्या तोंडून.