ग्रुप काढताय? आधी नंबर झाका

कोथरूडचे मारुती ८०० वाले विचारत होते, आम्हाला जुन्या गाड्यांचा ग्रुप काढायचाय, तुम्ही प्रीमियर पद्मिनीवाल्यांनी कसं केलं होतं? आम्ही कसं केलं ते विचारू नका. कसं करायला हवं होतं ते लिहितो.

नाव, वरचा फोटो, दोन ओळींची ओळख, हे तुमचं तुम्ही बघा. फक्त नावात ‘विंटेज’ घालू नका. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणून नोंद व्हायला गाडीच्या पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली लागतात आणि तुमची ८०० बाजारात आली तीच डिसेंबर १९८३ मध्ये. एवढ्यावरून महिनाभर भांडणारा एक निवृत्त गृहस्थ प्रत्येक ग्रुपात असतो. आमच्याकडे तीन आहेत.

आता मुद्द्याचं. पहिला फोटो टाकायच्या आधी नंबर प्लेट झाका. ‘नंतर बघू’ नाही. आधी.

आम्ही फेसबुकवर ग्रुप उघडा ठेवला होता, जास्त लोकांनी गाड्या बघाव्यात म्हणून. एका सभासदानं आपल्या क्रीम रंगाच्या पद्मिनीचे अकरा फोटो टाकले. समोरून, मागून, डॅशबोर्ड, उघडलेलं बॉनेट, आणि शेवटचा सोसायटीच्या फाटकापाशी, मागे संगमरवरी पाटीवर सोसायटीचं नाव आणि गल्ली. दोनशे लाइक मिळाले. तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी साडेआठला साताऱ्याचे एक गृहस्थ मुलाला घेऊन त्याच फाटकात उभे. हातात नारळ, झेंडूचा हार आणि कंदी पेढ्यांचा पुडा. गाडी न्यायला आले होते! कुणीतरी आमच्या ग्रुपातले फोटो उचलून विक्रीची जाहिरात केली होती, त्यांच्याकडून १५,००० रुपये टोकन घेतलं होतं आणि पत्ताही फोटोतलाच दिला होता. गाडी सभासदाच्या वडिलांची, ती विकायचा विचारही कुणाच्या मनात नव्हता. आम्ही चौघं जण गेलो, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन लावून दिला, चहा पाजला. हार त्यांनी पिशवीत परत घातला, पेढे मात्र नेले नाहीत. तो पुडा पुढे कितीतरी दिवस सभासदाच्या फ्रिजवर तसाच होता.

‘लोक इतके कसे फसतात’ म्हणू नका. त्या गृहस्थांनी नंबर तपासला होता. परिवहनच्या साइटवर नंबर टाकला की कंपनी, मॉडेल, नोंदणीची तारीख, विमा कधीपर्यंत, सगळं दिसतं. सगळं जुळलं म्हणून तर त्यांनी पैसे पाठवले. फोटोत नंबर नसता तर चोराला जुळवायला काही नव्हतं.

तर झाकायचं कसं. फोनवर पुसू म्हणाल तर होत नाही, सांगून ठेवतो. दहापैकी तिघं विसरतात आणि मूळ फोटो व्हॉट्सॲपवर फिरतोच. सनबोर्डच्या, म्हणजे फोमच्या हलक्या बोर्डाच्या, पाट्या कापून घ्या, वर क्लबचं नाव, मागे इलॅस्टिक. नव्या हाय सिक्युरिटी प्लेटची मापं ५०० बाय १२० आणि ३४० बाय २०० मिलिमीटर. बोटभर मोठी कापा. नारायण पेठेत कुठलाही छापखानेवाला करून देईल. सक्शन कपवाल्या घेऊ नका, उन्हात गळून पडतात. दर गाडीला दोन पाट्या, पुढची आणि मागची. मागची! आमच्याकडे पाट्या झाल्यावरही पहिल्या महिन्यात मागचीच राहायची. आणि हे उभ्या गाडीवरच. रस्त्यावर नंबर झाकून चालवलीत तर तो गुन्हा आहे, पोलिसाला क्लबचं नाव सांगून सुटका नाही.

नंबर फक्त प्लेटवर नसतो हेही बघा. काचेवर सोसायटीचं पार्किंगचं स्टिकर असतं, त्यावर फ्लॅट नंबर. बॉनेट उघडलं की चासी नंबरची पट्टी. विम्याचा कागद डॅशबोर्डवर. मागे घराची पाटी, दुकानाचा बोर्ड. फोटो टाकणाऱ्यानं एकदा, ॲडमिननं दुसऱ्यांदा बघायचं, मगच मंजुरी.

ग्रुप प्रायव्हेट ठेवा आणि आत घेताना प्रश्न विचारा. फेसबुक तीन विचारू देतं. ‘तुम्हाला गाड्या आवडतात का’ असला प्रश्न नको, हो म्हणायला काय जातं. थंड इंजिन चालू करताना ओढायचा चोक कुठे आहे विचारा. आमच्याकडे ‘गिअर स्टीअरिंगला की फ्लोअरला’ विचारतो; ज्याची गाडी आहे तो एका शब्दात सांगतो आणि वर गाडीची कुंडली मांडतो.

व्हॉट्सॲप वेगळं प्रकरण. तिथे १,०२४ माणसं मावतात आणि प्रत्येकाला प्रत्येकाचा मोबाइल नंबर दिसतो. बायका, मुली ग्रुपात असतील तर आधी त्यांना विचारा. लिंक उघड्यावर टाकू नका. टाकलीच तर ॲडमिनच्या मंजुरीशिवाय कुणी आत येणार नाही असं सेटिंग करा, आणि नंतर लिंक बदला. ॲडमिन तीन. एकटा ॲडमिन लेकीकडे अमेरिकेला गेला की ग्रुप अनाथ.

विक्रीच्या पोस्ट शक्यतो नकोच. ठेवायच्या असतील तर गाडी आणि कागद समोर बघितल्याशिवाय टोकन नाही, ही ओळ सगळ्यात वर चिकटवा. तिच्या खाली कामाचं: नाना पेठेत कुठला पार्ट कुणाकडे मिळतो, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात काय सापडलं, कार्ब्युरेटर कोण नीट ट्यून करतं, इथेनॉलवाल्या पेट्रोलनं कुणाचे जुने रबर पाइप गेले. नाहीतर हे गप्पांत वाहून जातं आणि दर पंधरा दिवसांनी तोच प्रश्न परत येतो. सुप्रभात, राजकारण बंद. कितीही सांगा, येणारच.

उद्घाटनाला पाहुणा वगैरे नको. पहिली ड्राइव्ह जवळची, मुळशीपर्यंत, मिसळ खाऊन परत. लाइव्ह लोकेशन त्या दिवसापुरतं, त्याचा ग्रुप वेगळा, रात्री बंद. दोरी, जम्पर केबल, पाणी. धरणापाशी फोटो काढतानाही पाट्या लावून. आणि निघताना काढा. मागचीही.