माणूस हरवला? पोलिस ठाण्यात जाताना या चुका टाळा

नाशिकच्या पंचवटीत कोणी दिसेनासं झालं की आधी रामकुंड पालथं घालतात, मग सीबीएस बसस्थानक, मग नाशिकरोड स्टेशन. पोलिस ठाणं शेवटी, कारण ‘२४ तासांआधी तक्रार घेत नाहीत’ हे सगळ्यांना पाठ असतं. असा नियमच नाही. मुलगी संध्याकाळी क्लासवरून आली नाही, तर त्याच रात्री जा.

सगळ्यात महागात पडते ती वयाची चूक. आपल्याकडे ‘तिला अठरावं लागलंय’ असं सहज म्हणतात. म्हणजे पूर्ण झालेली असतात सतराच, पण ऐकणाऱ्याच्या कानात राहतो अठराचा आकडा. अठरा पूर्ण असतील तर हरवल्याची नोंद मिसिंग रजिस्टरला होते. चौकशी होते, पण तो एफआयआर, म्हणजे गुन्ह्याची नोंद नव्हे. अठराच्या आतलं मूल असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशामुळे अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हाच नोंदवावा लागतो. म्हणून जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला सोबत न्या आणि तोंडाने वय नको, जन्मतारीख सांगा.

मोठ्या माणसाच्या बाबतीत घात करते ती लाज. घरातलं भांडण, कर्ज, प्रेमप्रकरण, चालू असलेली मानसोपचाराची औषधं झाकून ठेवली, की तक्रारीत उरतं ते ‘काही न सांगता निघून गेला’ एवढंच. घातपाताचा संशय असेल तर तो कोणावर आणि का, हे लेखी द्या. मिसिंगच्या नोंदीवरून गुन्हा दाखल होतो तो अशाच माहितीवर.

हद्दीचा घोळ नाशिककरांना नवा नाही: शहर आयुक्तालय वेगळं, नाशिक ग्रामीण वेगळं, रेल्वेत लोहमार्ग पोलिस तिसरेच. पण गुन्ह्याची बाब असेल तर हद्द कोणाचीही असो, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच ते आहे. तरी नकार मिळाला, तर शहरात आयुक्तांना, ग्रामीणमध्ये अधीक्षकांना तक्रार पोस्टाने पाठवा. आणि रात्री-अपरात्री लहान मूल हरवलं तर ११२ (आपत्कालीन मदत) किंवा १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) फिरवा.

फोटो लग्नातला, फेटा बांधलेला देऊ नका. परवाचा, रोजच्या कपड्यांतला द्या. (आमच्याकडे आजोबांचा फोटो मागितला की हमखास साठीशांतीचाच निघतो.) व्हॉट्सअॅपवर फिरवताना घरचा नंबर टाकलात तर ‘माणूस आमच्याकडे आहे, आधी पैसे पाठवा’ असे फोन येऊ शकतात, नंबर ठाण्याचाच टाका.

माणूस परतला तर पेढे वाटण्याआधी त्याला ठाण्यात न्या. त्याचा जबाब झाल्याशिवाय मिसिंग बंद होत नाही. आणि सज्ञान माणूस सापडला, पण ‘मी स्वखुशीने गेलोय, घरी येणार नाही’ म्हणाला, तर पोलिस जबाब घेऊन थांबतात. हाताला धरून त्याला तुमच्या दारात आणून सोडायचा अधिकार त्यांना नाही.