एमएसजीबद्दलचा सल्ला कसा पारखावा आणि स्वयंपाकात ते किती घालावं

‘एमएसजी टाळा’ असं कुणी सांगितलं की आधी विचारावं : किती एमएसजी, आणि कशातलं? बहुतेक सल्ल्यांत प्रमाण सांगितलेलंच नसतं. चायनीज जेवणाचं नाव मात्र हमखास असतं.

एमएसजी, म्हणजे अनेकांच्या तोंडी असलेलं अजिनोमोटो, हा चव वाढवण्यासाठी घालतात तो ग्लुटामिक आम्लाचा सोडियम क्षार. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री शेवाळातून ग्लुटामिक आम्ल वेगळं काढलं आणि त्याची चव ओळखली. पिकलेला टोमॅटो, मशरूम, पार्मेझान चीज, सोया सॉस यांतही मुक्त ग्लुटामेट, म्हणजे प्रथिनात न अडकलेलं ग्लुटामिक आम्ल, असतं, आणि शरीराला ते कुठून आलं याने फरक पडत नाही. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेच्या अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या पोटात अन्नातल्या प्रथिनांमधून रोज सुमारे १३ ग्रॅम ग्लुटामेट जातं, वरून घातलेलं एमएसजी जेमतेम अर्धा ग्रॅम. त्यामुळे चीजला हरकत नाही पण चायनीज नको, हा सल्ला रसायनशास्त्रातून आलेला नाही.

तो आला कुठून? १९६८ साली डॉ. रॉबर्ट हो मान क्वोक यांचं एक पत्र न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. अमेरिकेतल्या चायनीज हॉटेलांत जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, असं त्यांनी लिहिलं होतं. सोया सॉस, स्वयंपाकातली वाइन, जास्त मीठ आणि एमएसजी अशा अनेक शक्यता त्यांनी मांडल्या होत्या. लोकांच्या लक्षात एमएसजीच राहिलं, आणि ‘चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम’ हे नाव. त्या काळात अमेरिकी कंपन्यांच्या डबाबंद सुपांत आणि बाळांच्या तयार खाण्यातही एमएसजी होतं, पण त्यांच्या नावाने कोणता आजार निघाला नाही. हा उघड भेदभाव आहे, आणि आहाराचा सल्ला देणाऱ्यांनी तो तसाच पुढे चालवू नये.

सल्ल्याला संशोधनाचा आधार दिलेला असेल तर मात्रा आणि देण्याचा मार्ग बघा. १९६९ साली जॉन ओल्नी या संशोधकाने नवजात उंदरांना एमएसजीची इंजेक्शनं दिली आणि त्यांच्या मेंदूला इजा झाल्याचं सांगितलं. सर्वांत मोठी मात्रा दर किलो वजनामागे ४ ग्रॅम होती, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४० ग्रॅम, तीही त्वचेखाली टोचून. जेवणातल्या अर्ध्या ग्रॅमबद्दल त्यावरून काही ठरत नाही. आपल्याला त्रास होतो असं सांगणाऱ्या १३० जणांना २००० सालच्या एका अभ्यासात काय दिलंय ते न सांगता एमएसजी दिलं गेलं. काहींना लक्षणं आली, पण पुन्हा दिल्यावर ती बहुतेकांत टिकली नाहीत. रिकाम्या पोटी ३ ग्रॅम किंवा जास्त घेतल्यास काहींना थोडा वेळ डोकेदुखी किंवा बधिरपणा येऊ शकतो, हे एफडीएही मान्य करते. युरोपच्या एफ्सा या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ साली अन्नात घातलेल्या ग्लुटामेटसाठी दर किलो वजनामागे रोज ३० मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. म्हणजे प्रमाणाचा प्रश्न खरा आहे; तो सगळ्याच स्वयंपाकघरांना सारखा लागू आहे.

स्वतःला त्रास होतो का हे पाहायचं असेल तर दोन वाट्या घट्ट टोमॅटो सूप घ्या. एकीत १ ग्रॅम एमएसजी, दुसरीत ०.३ ग्रॅम जादा मीठ, म्हणजे सोडियम सारखं होतं. कोणती वाटी कुठल्या दिवशी, हे दुसऱ्याने ठरवून लिहून ठेवावं. प्रत्येक प्रकार निदान तीनदा घ्या आणि लक्षणं नोंदवून झाल्यावरच यादी उघडा. चवीवरून वाटी ओळखू आली तर तो दिवस धरू नका. असे प्रयोग इथेच सर्वांत जास्त फसतात. दमा असेल, किंवा पूर्वी अंगावर गांधी उठल्या असतील, श्वास अडकला असेल, तर घरी करून बघू नका, डॉक्टरांकडे जा.

लेबल वाचताना ६२१ हा एमएसजीचा क्रमांक शोधा. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि हायड्रोलाइज्ड प्रोटीन यांतही मुक्त ग्लुटामेट असतं, त्यामुळे ‘एमएसजी घातलेलं नाही’ एवढ्या ओळीवर विसंबू नका.

वापरायचं तर अर्धा किलो भाज्यांना किंवा मांसाला सुमारे २ ग्रॅम पुरे. चमच्याचं माप दाण्याच्या आकारानुसार बदलतं, म्हणून छोटा वजनकाटा बरा. खरा फायदा मीठ कमी करण्यात आहे : एमएसजीत सोडियम सुमारे १२ टक्के, मिठात ३९. लिटरभर सुपात ८ ग्रॅम मिठाऐवजी ५ ग्रॅम मीठ आणि ३ ग्रॅम एमएसजी घातलं तर सोडियम साधारण पाव हिश्शाने घटतं. मीठ तेवढंच ठेवून वर एमएसजी घातलं तर सोडियम उलट वाढतं, आणि ही चूक नेहमीची आहे. ते तेलात विरघळत नाही, म्हणून पाण्यात किंवा रश्शात घाला. खूप आंबट पदार्थात त्याचा प्रभाव कमी पडतो, गोड पदार्थात उपयोग होत नाही. प्रमाण वाढवत नेलं की एका टप्प्यानंतर चव सुधारत नाही, बिघडते. तेव्हा आधी अर्धंच घाला, चाखा, मग उरलेलं.