ब्लाउज कटिंगच्या व्हिडिओंवर घर चालतं का?

"ताई, यूट्यूबचे महिन्याला किती येतात हो?" क्लासला आलेली प्रत्येक मुलगी पहिल्या आठवड्यातच हे विचारते. दोन वाक्यांत सांगून भागत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शिलाईकाम करते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये लग्नं थांबली आणि माझ्या ऑर्डरी बंद पडल्या. हातात वेळ होता. मोबाइल डब्यांच्या उतरंडीला टेकवून कटोरी ब्लाउजचं कटिंग शूट केलं आणि चॅनेलवर टाकलं. चेहरा नाही, काही नाही, नुसतं टेबल, खडू, इंची टेप आणि कात्री.

जाहिरातींचे पैसे लगेच सुरू होत नाहीत, हे आधी समजून घ्या. त्यासाठी १००० सबस्क्राइबर लागतात, आणि शिवाय गेल्या १२ महिन्यांत ४००० तासांचा वॉचटाइम (लोकांनी व्हिडिओ बघण्यात घालवलेला वेळ) किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंचे, १ कोटी व्ह्यूज. शॉर्ट्स फीडमध्ये लोकांनी घालवलेला वेळ त्या ४००० तासांत धरत नाहीत. ५०० सबस्क्राइबरवरही यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्राममध्ये घेण्याची सोय २०२३ पासून आहे, पण तिथे प्रेक्षक स्वतःहून देतात ते पैसे (मेंबरशिप, सुपर थँक्स वगैरे) मिळतात, जाहिरातीचा वाटा नाही. मला जाहिरातींचा टप्पा गाठायला चौदा महिने लागले. त्यानंतर खात्यात १० डॉलर जमले की पत्ता तपासायला गूगलकडून पोस्टाने पिन येतो. माझं पहिलं पत्र हरवलं, कारण पत्त्यात नुसतं घराचं नाव होतं. पोस्टमनदादांना ओळखीची एखादी खूण त्यात जरूर लिहा. आणि १०० डॉलर जमेपर्यंत बँकेत काहीच येत नाही.

मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा आपल्याला मिळतो. ऐकायला छान वाटतं, पण मुळात जाहिरातदार मोजतो किती? अमेरिकेतल्या प्रेक्षकासाठी तो जेवढे देतो, तेवढे कराड-बार्शीच्या प्रेक्षकासाठी देत नाही, आणि मराठी व्हिडिओ बघणारे बहुतेक सगळे इथलेच. माझ्या चॅनेलवर हजार व्ह्यूजला सरासरी तीसेक रुपये पडतात. म्हणजे महिन्याला १८ हजार हवे असतील तर ६ लाख व्ह्यूज हवेत, आणि तेही दर महिन्याला. दिवाळीच्या आसपास आकडा चढतो, जानेवारीत धाडकन खाली येतो. घरभाडं काही जानेवारी बघून कमी होत नाही.

आता कामाचं सांगते. व्हिडिओ लोक कुठे सोडून जातात, त्याचा आलेख यूट्यूब स्टुडिओ या अ‍ॅपमध्ये दिसतो. माझ्या सुरुवातीच्या प्रत्येक व्हिडिओत तो मुंढ्याच्या (बाही जोडतात त्या भागाच्या) गोलाईला आला की कोसळायचा. मला वाटायचं, बायकांना तो भाग अवघड जात असेल. एकदा मीच माझा व्हिडिओ मोबाइलवर बघायला बसले आणि लक्षात आलं, की नेमकी गोलाई कापताना माझा उजवा हात कात्रीवर येतो आणि काहीच दिसत नाही. जे शिकायला बाई आली होती, तेच मी झाकत होते! मोबाइल डाव्या बाजूला वरून लावला, मुंढ्याची रेघ पिवळ्याऐवजी निळ्या खडूने काढली, तिथे अर्धा मिनिट जास्त थांबले. पुढच्या व्हिडिओत आलेख तिथे सपाट राहिला. भारी कॅमेऱ्यापेक्षा मला याचा उपयोग जास्त झाला.

आवाजाचंही एक आहे. गणपतीत मागे मंडपातलं गाणं वाजत होतं, तसाच व्हिडिओ टाकला. संगीत कंपनीचा क्लेम, म्हणजे गाण्यावरच्या हक्काचा दावा, आला आणि त्या व्हिडिओचे जाहिरातीचे पैसे तिकडे वळले. तेव्हापासून मी आवाज रात्री वेगळा रेकॉर्ड करते.

मग घर कशावर चालतं? दुकानात येणाऱ्या ऑर्डरी आजही आहेत. त्याच्या जोडीला ३२ ते ४२ मापाचे पेपर कटिंगचे सेट मी कुरिअरने पाठवते आणि संध्याकाळी ऑनलाइन क्लास घेते. व्हिडिओमुळे जे काही येतं, त्यातलं निम्म्याहून जास्त या दोन गोष्टींतून येतं. जाहिरातींचे पैसे ही वरकमाई. पण सेट मागवणारी बाई मला ओळखते ती व्हिडिओमुळेच. मोठ्यांचंही साधारण असंच दिसतं. मधुराज रेसिपीच्या मधुरा बाचल २००९ पासून व्हिडिओ करतायत, आणि आज त्यांचे मसालेही विकले जातात. भाडिपा या मराठी विनोदी चॅनेलची मंडळी तिकीट लावून कार्यक्रम करतात.

गिऱ्हाइकांचे फोन नंबर मात्र स्वतःच्या वहीत ठेवा. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं, तेव्हा खेड्यापाड्यातल्या कितीतरी चांगल्या कलाकारांचे लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले. त्यांच्याकडे त्या माणसांना गाठायचा दुसरा रस्ताच नव्हता. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

कंपन्या वस्तू पाठवतात, त्याचाही हिशेब असतो. मला एक शिलाई मशीन आलं होतं. वर्षभरात एकाच कंपनीकडून २० हजारांहून जास्त किमतीच्या वस्तू ठेवून घेतल्या, तर १ जुलै २०२२ पासून त्यावर १० टक्के टीडीएस (आधीच कापून घेतला जाणारा कर) लागतो. परत केल्या तर नाही. आणि पैसे किंवा वस्तू घेऊन केलेला व्हिडिओ असेल, तर तसं स्पष्ट सांगायलाच हवं. आपल्या शब्दावर एखादी बाई साठवलेले पैसे मशीनमध्ये घालते. जे मशीन मी स्वतः दोन महिने चालवलं नाही, ते मी दाखवत नाही. यूट्यूबच्या खात्यात कराचा फॉर्मही भरा, म्हणजे अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे मिळालेल्या पैशांवर भारत-अमेरिका कर करारानुसार १५ टक्केच कापले जातात. न भरल्यास जास्त जातात. इथला आयकर वेगळा भरायचा असतो, त्यासाठी पहिल्या वर्षापासून सीएकडे जा.

गेल्या महिन्यात क्लासमधली एक मुलगी विचारायला आली, की कापडाच्या दुकानातली नोकरी सोडून पूर्णवेळ व्हिडिओ करू का. मी तिला नोकरी सोडू दिली नाही. आठवड्याला एकच व्हिडिओ कर, सुट्टीच्या दिवशी शूट कर, आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय राजीनाम्याचं नाव काढू नकोस, असं सांगितलं. तिचा चेहरा उतरला, मला दिसलं. पण परवा रात्री तिने बाही जोडतानाचा पहिला व्हिडिओ मला बघायला पाठवला. आवाज स्वच्छ, समजावण्याची पद्धत माझ्याहून सोपी. फक्त बाहीचा घोळ बसवताना तिच्या हाताने सुई झाकली जात होती. मी तिला फोन करून स्टँड डावीकडे घ्यायला सांगितला.